बड्डेच्या बाजूने

वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती पेटल्यापासून विझेपर्यंत जो वेळ जातो तो गाण्याला लागत नाही, गाण्यातल्या इंग्रजीला लागतो. नंदुरबारजवळच्या रनाळे गावात कोणत्याही घरी हे पडताळून पाहता येईल. नंदुरबारहून मांडीवर धरून आणलेला केक टिपॉयवर ठेवलेला आहे, पोरगा प्लास्टिकची सुरी घेऊन उभा आहे, मोबाइल वर झालेले आहेत, आणि मंडळींनी एका दमात 'हॅपी बड्डे' म्हणून सुरुवातही केलेली आहे. तेवढ्यात सुरतेहून आलेला, इंग्रजी माध्यमात शिकणारा चुलतभाऊ हात वर करतो. "बड्डे नाही, बर्थ-डे. जीभ दातांत धरा. थ्थ." गाणं थांबतं. काका जीभ दातांत धरून बघतात, आत्याची जीभ चावली जाते, आणि आजोबांनी कवळी काढून ठेवलेली असल्यामुळे ते विचारतात, "धरू तर कशात धरू?" मेण ओघळून केकवरच्या नावाचं पहिलं अक्षर दिसेनासं होतं. शेवटी आजी अहिराणीत ओरडते, "पोऱ्या कवयना उभा शे, केक कापू द्या ना!" आजीची बाजू व्यवहाराची आहे, हे कोणीही मान्य करील. माझं म्हणणं त्याच्या थोडं पुढे जातं. आजीची बाजू शास्त्राचीही आहे. बोलताना काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण गाताना 'बड्डे' हाच उच्चार योग्य, किंबहुना जगातल्या उत्तम गायनशिक्षकांच्या नियमांना तोच जास्त जवळचा आहे. गळ्याच्या बाबतीत माझी स्वतःची बाजू इतकी लंगडी आहे, की निदान युक्तिवाद तरी सुरात व्हावा म्हणून तो जरा सविस्तर मांडतो.

आधी चुलतभावाला निर्दोष सोडलं पाहिजे, कारण तो एका मोठ्या चळवळीचा लहान कार्यकर्ता आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं; त्याआधी ते पाचवीत भेटायचं. या बदलाचा एक परिणाम कोणी फारसा लक्षात घेतलेला नाही. पाचवीतलं इंग्रजी अक्षरं गिरवत आणि स्पेलिंगच्या धाकात सुरू व्हायचं, तर पहिलीतलं इंग्रजी गाण्याने सुरू होतं. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य बाहेर पडतं ते हातवाऱ्यांसकट आणि चालीत. मराठी आपण आधी बोलतो आणि मग गातो. इंग्रजी ही आपल्या नव्या पिढीने आधी गायलेली आणि मग बोलायला घेतलेली भाषा आहे. साहजिकच उच्चाराची सगळी चिंता गाण्यावर येऊन बसली. फोनिक्सचे क्लास निघाले, तालुक्याच्या गावी पाट्या लागल्या, आणि स्नेहसंमेलनाच्या तालमीत गाण्यापेक्षा ओठच जास्त बघितले जाऊ लागले. तिथला संवाद महाराष्ट्रभर साधारण एकच असतो. "व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर." "हो सर." "डब्ल्यूला ओठांचा चंबू." "हो सर." "आणि थ्थला जीभ बाहेर. आता म्हणा." "सर, मग तोंड उघडायचं कधी?" यावर सरांकडे उत्तर नसतं, कारण गाणं ही तोंड उघडून करायची गोष्ट आहे आणि त्यांनी ते तीन ठिकाणी बंद करून ठेवलेलं असतं. त्या रांगेत इंग्रजी थ अस्सल येतो तो फक्त पुढचे दोन दात पडलेल्या पहिलीच्या मुलांना. पुढच्या वर्षी दात येतात आणि ते गावकऱ्यांत सामील होतात. इथे कोणी अभिमानाने सांगेल की आपल्या वर्णमालेत थ आहेच, शिवाय सगळी अक्षरं कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांनुसार रांगेत उभी आहेत, आपल्याला फोनिक्स कोण शिकवणार. रांग खरी आहे. पण आपला थ जिभेने दातांना धक्का देऊन, श्वास सोडून केलेला; त्यांचा थ दातांतून हवा सरकवून केलेला. अक्षर एक लिहिलं म्हणून आवाज एक होत नाही, तेव्हा हा अभिमान आपल्या उपयोगाचा नाही. त्याची गरजही नाही, कारण आपल्या बाजूने साक्ष द्यायला खुद्द इंग्रजी गायनाचे शिक्षक तयार आहेत.

न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड या नामांकित संगीतविद्यालयात गायकांना उच्चार शिकवणाऱ्या मॅडलिन मार्शल यांनी १९५३ साली 'द सिंगर्स मॅन्युअल ऑफ इंग्लिश डिक्शन' नावाचं पुस्तक लिहिलं. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशा गायकांना इंग्रजी कसं गावं हे शिकवणारं हे पुस्तक आहे, यातच सगळं आलं. त्यातला एक ठळक नियम असा, की व्यंजनाच्या आधी येणारा र गायचा नाही. अमेरिकन माणूस बोलताना तो र जीभ वळवून वळवून उच्चारतो, पण गायला उभा राहिला की बाई त्याला सांगतात, तो गिळ. स्वर मोकळा सोड. आता 'बर्थ' हा शब्द घ्या. र आहे, पुढे व्यंजन आहे, म्हणजे र गेला पाहिजे. रनाळ्याच्या आत्याने तो कोणत्याही पुस्तकाशिवाय घालवलेला आहे. पुढचं अक्षर 'डे'. इंग्रजीत हा एकच स्वर नसून ए आणि इ यांची जोडगोळी आहे, आणि गायकाला शिकवतात की सूर लांबवताना ए धरून राहा, इ अगदी शेवटी हळूच टेकव, नाहीतर गाणं किंचाळल्यासारखं होतं. ही सवय लागावी म्हणून तिकडच्या विद्यार्थ्याला किती घासावं लागतं! मराठी माणसाच्या ए मध्ये इ मुळातच नसते, त्यामुळे लपवायची कशी हा प्रश्नच येत नाही. शिल्लक राहिला फक्त थ. दोनपैकी दोन स्वर बरोबर, र बरोबर, आणि एका व्यंजनासाठी केक अडवून धरायचा, हा न्याय कोणत्या परीक्षकाचा?

बरं, ज्यांच्या उच्चारासाठी हे चाललं आहे ते स्वतः तरी आपल्या उच्चाराने गातात का? पीटर ट्रडगिल या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने ब्रिटनमधल्या पॉप गायकांचे उच्चार तपासले आणि १९८३ साली त्यावर लिहिलं. त्यांना दिसलं ते असं, की ही मंडळी बोलताना ब्रिटिश आणि गाताना अमेरिकन होतात. बीटल्सच्या सुरुवातीच्या गाण्यांत अमेरिकन वळणं जास्त, पुढे ती कमी होत गेली. मिक जॅगर हा केंटमधल्या डार्टफर्डचा गृहस्थ, पण गाऊ लागला की जन्म अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या शेतात झाल्यासारखा वाटतो. कापसाच्या शेताजवळ खरोखर जन्मलेला नंदुरबारचा माणूस मात्र लंडनचा उच्चार आणण्याच्या खटपटीत आहे. थोडक्यात, इंग्रज अमेरिकनासारखं गातो, अमेरिकन गायनशाळेत जाऊन इंग्रजासारखा र गाळायला शिकतो, आणि दोघांनीही टाकून दिलेला 'शुद्ध उच्चार' आपण रनाळ्यात उचलून जपून ठेवला आहे.

आता खुद्द गाण्याकडे बघू, कारण खरी गंमत त्याच्या चालीत आहे. ही चाल अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिल गावी पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या बहिणींनी १८९३ साली छापली. तेव्हा ते बालवाडीतलं सकाळच्या नमस्काराचं गाणं होतं. वाढदिवस त्यात मागाहून शिरला. लहान मुलांना जमावी म्हणून चाल सोपी ठेवलेली. तरीही तिसऱ्या ओळीत एक खोडी आहेच. तिथे सूर एकदम खालच्या पंचमावरून वरच्या पंचमावर, म्हणजे पूर्ण सप्तकभर उडी मारतो, आणि ही उडी नेमकी 'बर्थ' या अक्षरावर पडते. सबंध गाण्यातला सगळ्यात अवघड उच्चार आणि सगळ्यात उंच सूर एकाच जागी. त्यातही घरातलं जे माणूस आधी सुरुवात करतं ते नेहमी उत्साहाच्या भरात दोन पट्ट्या वर सुरुवात करतं, हा अलिखित नियम आहे. मग तिसऱ्या ओळीला सगळ्यांचे गळे ताणले जातात, काकांचा आवाज फाटतो, आत्या मध्येच खाली उतरते, आणि चुलतभाऊ अशा परिस्थितीत थ शोधत असतो. योहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने गाणाऱ्यांच्या आवाजाचा कसून अभ्यास केला आहे. त्यांनी दाखवून दिलं की फार उंच सुरात गायिकेला जबडा मोठा उघडावा लागतो, तोंडातली पोकळी सुराशी जुळवून घ्यावी लागते, आणि मग आ, ई, ऊ यांतला फरक ऐकणाऱ्याला नीट कळेनासा होतो. युरोपातल्या मोठमोठ्या ऑपेरा गायिकांचेही शब्द वरच्या सुरात समजत नाहीत ते यामुळे. जिथे भौतिकशास्त्रानेच हात टेकले तिथे आत्याने थ काढावा ही अपेक्षा फार झाली. दुसरं असं, की या गाण्यावर एका अमेरिकन कंपनीने कित्येक वर्षं मालकी सांगून पैसे वसूल केले. २०१५ साली तिथल्या न्यायालयाने तो दावा अमान्य केला आणि कंपनीला १ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. त्या काळात कंपनीचा वकील रनाळ्यात येऊन बसला असता, तरी समोर चाललेलं गाणं हेच आपलं गाणं आहे असं त्याला शपथेवर सांगता आलं नसतं.

यावर सर्वात वजनदार आक्षेप लता मंगेशकरांच्या नावाने घेतला जातो, आणि तो घेतलाच पाहिजे. गोष्ट सर्वांना माहीत आहे. १९४७ च्या सुमारास मुंबईच्या लोकलमध्ये संगीतकार अनिल विश्वासांनी या नव्या मराठी मुलीची दिलीपकुमारांशी ओळख करून दिली, तेव्हा ते बोलून गेले की मराठी माणसांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. लताबाईंनी ते मनाला लावून घेतलं आणि मौलवींकडे बसून रीतसर उर्दूचे धडे घेतले. "बघा," आक्षेपक म्हणतात, "त्यांनी 'चालतंय की' म्हटलं नाही!" नाही म्हटलं, आणि म्हणूनच त्या लताबाई झाल्या. पण त्या शिकल्या कोणासाठी? गझल ऐकणारा समोर बसलेला होता, त्याला ज आणि नुक्तेवाला ज़ यांतला फरक कळत होता, आणि तो फरक चुकला की त्याच्या मनातून गाणं उतरत होतं. उच्चार हा ऐकणाऱ्याचा मान आहे. हेच माप वाढदिवसाला लावून बघा. ऐकणारा कोण? हातात सुरी धरून उभा असलेला, वय वर्षं सात, ज्याच्या फ्लेक्सवर चौकात 'बड्डे बॉय' असं ठळक छापलेलं आहे. त्याला 'बर्थ' ऐकवला तर रेल्वेतली झोपायची जागा आठवेल. त्याच्यापर्यंत पोचणारा शब्द बड्डे. म्हणजे मौलवींनी लताबाईंना जे शिकवलं त्याचं रनाळ्यात तंतोतंत पालन होत आहे. पुढे १९८५ साली टोरांटोत युनायटेड वे या संस्थेच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात लताबाई गायिका ॲन मरे यांचं 'यू नीडेड मी' हे इंग्रजी गाणंही गायल्या, सुमारे १२ हजार लोकांसमोर. त्या रात्री लोकांनी तिकिटं काढली होती ती लताबाईंच्या आवाजाची. ॲन मरेंचा उच्चार तर त्यांना घरबसल्या रेडिओवर ऐकायला मिळत होता.

दुसरा आक्षेप जरा खालच्या पट्टीत पण जास्त वेळा येतो: "हा निव्वळ आळस आहे, गावंढळपणा आहे." आळस असेलच, पण तो फार जुन्या घराण्यातला आहे. संस्कृतातल्या कर्माचा प्राकृतात कम्म झाला, सप्ताचा सत्त, हस्ताचा हत्थ. जोडाक्षरातला अडणारा आवाज काढून टाकायचा, उरलेल्याला दुप्पट करायचं आणि पुढे जायचं. 'बर्थडे'चा 'बड्डे' करताना खानदेशातल्या माणसाने हेच केलं: कर्मातल्यासारखा र गेला, सप्तातल्या पसारखा थ गेला, ड दुप्पट झाला. दोन हजार वर्षांपूर्वीचं व्याकरण पोरगं न शिकता वापरतं. आणि यातला गाण्याचा संबंध तर फारच खणखणीत आहे. जुन्या संस्कृत नाटकांत संकेत असा होता, की स्त्रीपात्रं बोलायची शौरसेनीत, पण गायला लागली की महाराष्ट्री प्राकृतात. कारण महाराष्ट्रीने स्वरांच्या मधली व्यंजनं गाळून गाळून भाषा इतकी मोकळी केली होती की 'लोक'चासुद्धा 'लोअ' झाला होता. अशा शब्दांत सूर कुठेही अडकत नाही. हालाची गाथासप्तशती त्याच भाषेतली. गाण्यासाठी शब्द घासून घ्यायचे असतात, हा शोध आमच्या भागात लागला आणि सगळ्या देशातल्या नाटकवाल्यांनी तो मानला. गावाच्या नावाचंच बघा. आपण लिहितो रनाळे. ताप्ती काठाने सुरतेहून येणाऱ्या रेल्वेच्या लेखी ते रनाला, कारण रेल्वेला ळ परवडत नाही. अहिराणीत डोळ्याचा डोया होतो आणि जळगावचं जयगाव, त्या चालीने ते रनाये. तिन्ही नावांनी गाडी त्याच फलाटावर लागते. प्राकृताचा नियम पुढेही चालू राहिला, तर सत्तचा जसा सात झाला आणि कम्मचं काम झालं, तसा काही शतकांनी बड्डेचा 'बाडे' होईल. तेव्हा कोणीतरी चुलतभाऊ हात वर करून सांगेल, "बाडे नाही, बड्डे. शुद्ध बोला."

तिसरा आक्षेप स्वाभिमानाचा. "आपली भाषा त्यांनी अशी बिघडवलेली चालेल का?" चालते आहे की, आणि आपण कौतुकाने बघतो आहोत. जॉन विल्यम्स या अमेरिकन संगीतकाराने 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या १९९९ च्या चित्रपटात तलवारींच्या झटापटीमागे भलामोठा गायकवृंद गायला लावला तो संस्कृतात. मूळ मजकूर एका जुन्या वेल्श कवितेतला. त्याचं संस्कृत करून घेतलं, आणि मग अर्थाची पर्वा न करता अक्षरं नादाप्रमाणे मागेपुढे मांडली. त्या संस्कृताचा अन्वय लावायला एखाद्या शास्त्रीबुवांना बसवलं तर ते पहिल्या पाच मिनिटांत शेंडीला गाठ मारतील. फिलिप ग्लास यांचा गांधीजींवरचा 'सत्याग्रह' हा ऑपेरा १९८० मध्ये रॉटरडॅमला पहिल्यांदा झाला, त्यात तर सरळ भगवद्गीता गायली जाते. रॉटरडॅमच्या गायकांचे ण आणि ष तपासायला पुण्याहून कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. आणि १९९८ च्या फेब्रुवारीत आशा भोसल्यांच्या नावावर रचलेलं एक गाणं ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं, तेव्हा सगळा देश 'आशा'चा शेवटचा काना अर्धवट गिळून ते नाव गात होता. आशाबाईंच्या सांगलीकडच्या कोणालाही त्यात अपमान वाटला नाही. उलट पेपरात फोटो आला. विल्यम्ससारख्या माणसाला आपल्या भाषेच्या मोकळ्या स्वरांचा मोह पडतो, आणि ते स्वर जन्मतः गळ्यात असलेला माणूस वाढदिवसाच्या दिवशी तोंड आवळून उभा राहतो, एवढाच काय तो यातला विरोधाभास.

"म्हणजे शिकण्यासारखं काहीच नाही का?" असा शेवटचा प्रश्न चुलतभाऊ रडवेला होऊन विचारील, आणि त्याला नाराज करणं बरं नाही. इंग्रजीत कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा हे शिकावं लागतं खरं. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना साधारण सारखं वागवतो. पण या गाण्यात तो जोर चालच देते. तीन मात्रांचा घोळका, पहिल्या मात्रेवर वजन, आणि तिथे बरोबर तेच अक्षर येतं ज्यावर इंग्रज बोलतानाही दाब देतो. चाल धरली की उच्चार आपोआप निम्मा सुधारतो. अडचण टाळ्यांची आहे, कारण हातांना भजनी ठेक्याची सवय असते आणि गाणं तिनात चाललेलं असतं. तेव्हा क्लास काढायचाच असेल तर टाळ्यांचा काढावा. त्याहून मोठी अडचण तिसऱ्या ओळीच्या शेवटी आहे. 'डिअर' म्हटल्यावर नावासाठी हिल भगिनींनी फक्त दोन सूर ठेवले आहेत. त्यांच्या बालवाडीत ते पुरत असतील. इथे पत्रिकेतलं नाव ज्ञानेश्वर, शाळेतलं नाव वेगळं, आत्याने ठेवलेलं वेगळं, आणि हाक 'पिंट्या'. चार अक्षरांचं नाव दोन सुरांत कोंबणं हे पोवाडे ऐकलेल्या माणसाला अवघड नाही, पण एकाच वेळी चार नावं कोंबली जातात तेव्हा तिथे कोणता उच्चार चुकला हे सांगणं मार्शलबाईंनाही जमणार नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाचा वाढदिवस असेल तर गोंधळ आणखी वाढतो. पोरं 'पप्पा' म्हणतात, भाऊ 'दादा' म्हणतो, म्हातारी लहानपणचं नाव काढते. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हटलं तर उखाणा हवा, आणि उखाण्याला दोन सूर कुठले पुरायला? ती बिचारी त्या जागी गात असते ते मात्र मात्रेला मात्रा लागून नेमकं बसतं: डिअर अहो.